बटू दीर्घिकांतील कृष्णद्रव्य : खोडदच्या तबकड्या आणि शहापूर-मुरबाडचे वर्ग

आकाराने, ताऱ्यांच्या संख्येने आणि प्रकाशाने लहान असलेल्या दीर्घिकेला बटू दीर्घिका म्हणतात. आपल्या आकाशगंगेत दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. बटू दीर्घिकांत ते काही कोटी असतात, काहींत काही लाख, आणि सर्वांत अंधुक दीर्घिकांत जेमतेम हजारभर. विश्वात संख्येने याच दीर्घिका सर्वाधिक आहेत, तरी त्यांचा अभ्यास उशिरा सुरू झाला, कारण त्या सहजी दिसत नाहीत. वायू नसलेली, विरळ ताऱ्यांची अशी दीर्घिका हार्लो शॅपली यांनी १९३८ मध्ये शिल्पकार तारकासमूहात प्रथम नोंदवली. पुढची साठ-पासष्ट वर्षे आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या अशा सोबतिणींची यादी डझनाच्या आतच राहिली. संगणकाने आकाशाचे पद्धतशीर सर्वेक्षण होऊ लागल्यावर ती साठीच्या पुढे गेली.

या दीर्घिकांचे महत्त्व त्यांच्या वजनात आहे. कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, प्रकाश देत नाही, शोषत नाही आणि अडवतही नाही. त्याचे अस्तित्व कळते ते केवळ गुरुत्वाकर्षणामुळे. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहातील दीर्घिकांचे वेग तपासले, तेव्हा दिसणाऱ्या द्रव्याच्या बळावर तो समूह एकत्र राहूच शकत नाही असे आढळले. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेचे वेग मोजून प्रसिद्ध केले आणि त्यानंतरच्या दशकात इतर अनेक सर्पिल दीर्घिकांचे. केंद्रापासून दूर गेले तरी वेग अपेक्षेप्रमाणे उतरत नव्हता. प्लँक उपग्रहाच्या मोजमापांनुसार विश्वातील एकूण द्रव्य-ऊर्जेत नेहमीचे, अणूंचे द्रव्य सुमारे ५ टक्के आहे आणि कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के.

वेगावरून वजन कसे निघते हे आधी पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा विषय त्यावर उभा आहे. सूर्यमालेत पृथ्वी सेकंदाला २९.८ किलोमीटर वेगाने फिरते, गुरू १३.१ आणि नेपच्यून ५.४. नेपच्यून पृथ्वीच्या तीसपट अंतरावर आहे, २९.८ ला ३० च्या वर्गमुळाने भागले की ५.४ येतात. सूर्यमालेचे जवळजवळ सगळे वजन मध्यभागी असल्यामुळे वेग असा उतरतो. वर्तुळाकार कक्षेसाठी कक्षेच्या आतले वस्तुमान काढण्याचे सूत्र सोपे आहे: वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्वस्थिरांक. अंतर वाढत असताना वेग तोच राहिला, तर आतले वस्तुमान अंतराच्या प्रमाणात वाढत गेले पाहिजे. दीर्घिकांत हेच दिसते, आणि तारे संपल्यानंतरही दिसते.

मोठ्या दीर्घिकांत मात्र एक अडचण आहे. त्यांच्या आतल्या भागात ताऱ्यांचेच वजन एवढे असते की कृष्णद्रव्याचा वाटा वेगळा काढताना ताऱ्यांचे वस्तुमान अंदाजाने धरावे लागते, आणि तो अंदाज थोडा चुकला तरी उत्तर बदलते. बटू दीर्घिकेत तारे इतके थोडे असतात की त्यांच्या वजनाबद्दल दुपटीची चूक झाली तरी निष्कर्ष फारसा हलत नाही. कृष्णद्रव्य कसे पसरले आहे हे जवळजवळ निर्भेळ रूपात पाहायचे असेल, तर या दीर्घिकांहून चांगली जागा नाही.

बटू दीर्घिका दोन तऱ्हेच्या. काहींत हायड्रोजन वायू भरपूर असतो. काहींत तो उरलेलाच नसतो. पहिल्या तऱ्हेच्या दीर्घिका तोलण्याचे एक मोठे काम महाराष्ट्रात, ठाणे जिल्ह्यातील मुरबाडपासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर झाले आहे. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत जाणारा रस्ता माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात उतरतो. तिथे नारायणगावच्या पूर्वेला खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांपैकी चौदा सुमारे एक किलोमीटरच्या मध्यवर्ती चौकात आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, एकूण पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरखंडांवर बसवलेली पोलादी जाळी वापरल्यामुळे या तबकड्या हलक्या आणि स्वस्त झाल्या, आणि वाराही जाळीतून निघून जातो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांच्या रेडिओ गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आड असलेली जागा यासाठी निवडली गेली. २००२ पासून ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे.

उदासीन हायड्रोजन अणू १४२० मेगाहर्ट्झ वारंवारतेची, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ लहर सोडतो. वायू आपल्या दिशेने येत असेल तर वारंवारता किंचित वाढते, दूर जात असेल तर घटते. सेकंदाला एक किलोमीटर वेगामागे हा फरक सुमारे ४.७ किलोहर्ट्झ. एवढा बारीक फरक दीर्घिकेच्या प्रत्येक भागासाठी नोंदवला की तिच्यातील वायूच्या हालचालीचा नकाशा तयार होतो. बटू दीर्घिकांच्या बाबतीत जीएमआरटीच्या मांडणीचा खास फायदा आहे. मध्यवर्ती चौकातील जवळजवळच्या तबकड्या दूरवर पसरलेला विरळ वायू टिपतात आणि भुजांवरच्या तबकड्या बारीक तपशील टिपतात, तेही एकाच निरीक्षणात. इतर अनेक ठिकाणी यासाठी तबकड्या हलवून वेगवेगळी निरीक्षणे घ्यावी लागतात.

आयेशा बेगम आणि जयराम चेंगलूर यांनी रशियन खगोलशास्त्रज्ञ इगोर कराचेंत्सेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांसह या दुर्बिणीने अंधुक, वायुयुक्त बटू दीर्घिकांचे सर्वेक्षण केले. ‘फिग्ज’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सर्वेक्षणाचे पहिले निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ६२ दीर्घिका होत्या. पुढे नरेंद्र नाथ पात्रा आणि इतरांनी त्याहून अंधुक दीर्घिका त्यात जोडल्या. आकड्यापेक्षा त्यातील दोन दीर्घिकांची हकिगत अधिक बोलकी आहे.

पहिली एनजीसी ३७४१. सप्तर्षीच्या तारकासमूहातील ही दीर्घिका सुमारे एक कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिचे तारे एका लहान ठिपक्यात मावतात, पण बेगम, चेंगलूर आणि कराचेंत्सेव यांच्या २००५ च्या निरीक्षणात तिच्या हायड्रोजनची चकती दृश्य भागाच्या आठपटीहून अधिक दूर पसरलेली आढळली. केंद्रापासून सुमारे २३ हजार प्रकाशवर्षांवर वायूचा वेग सेकंदाला ५० किलोमीटरच्या आसपास आहे. सूत्रात हे आकडे घातले की उत्तर येते सुमारे ४०० कोटी सूर्यांइतके वस्तुमान. दीर्घिकेचा निळा प्रकाश मात्र चार कोटी सूर्यांइतकाही नाही. वायूचे वजन धरले तरी तारे आणि वायू मिळून एकूण वस्तुमानाचा दहावा भागही भरत नाही. वस्तुमान आणि निळा प्रकाश यांचे गुणोत्तर १०७ निघाले, आणि तोवर माहीत असलेल्या अनियमित दीर्घिकांत ही सर्वांत ‘काळ्या’ दीर्घिकांपैकी एक ठरली. हे गणित दहावीच्या मुलाला वहीच्या एका पानावर करता येते, ही त्यातली फार महत्त्वाची बाजू आहे.

दुसरी कॅमेलोपार्डलिस बी. एनजीसी ३७४१ च्या मानाने हिचा वायू अगदी संथ फिरतो: सेकंदाला सात किलोमीटरच्या जवळपास. एवढ्याच वेगाने तो इकडेतिकडे अस्ताव्यस्तही हलत असतो. इथे सरळ सूत्र लावले तर उत्तर चुकते, कारण गुरुत्वाकर्षणाला तोलून धरण्याचे काम फक्त फिरणे करत नाही. वायूचा दाबही करतो. तो वाटा हिशेबात घेतल्यावर दीर्घिकेच्या कडेचा खरा तोलवेग बराच वर, वीसच्या घरात जातो. बेगम, चेंगलूर आणि उलरिख हॉप यांनी २००३ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. इतक्या अंधुक दीर्घिकेतही वायू शिस्तीने फिरतो हे त्यातून प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले. लहान दीर्घिकांच्या अभ्यासात चुका होतात त्या बहुधा इथेच, दाबाच्या या दुरुस्तीत, आणि म्हणून हे उदाहरण शिकवताना वगळू नये.

कॅमेलोपार्डलिस बी ने एका मोठ्या वादातही साक्ष दिली. कृष्णद्रव्याचे कण थंड, म्हणजे संथ असतील आणि एकमेकांवर आदळत नसतील, तर ते कसे गोळा होतील याची संगणकीय प्रतिकृती नव्वदच्या दशकात तयार झाली. हुलिओ नवारो, कार्लोस फ्रेंक आणि सायमन व्हाइट यांच्या गणितानुसार केंद्राकडे जाताना त्याची घनता टोकदारपणे वाढत गेली पाहिजे. प्रत्यक्ष बटू दीर्घिकांत ती मध्यभागी सपाट दिसते; १९९४ पासून हा विरोध चर्चेत आहे. कॅमेलोपार्डलिस बी च्या मोजमापांनाही सपाट गाभाच जुळला. यावर दोन मुख्य उत्तरे दिली जातात. एक असे, की मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू पुन्हा पुन्हा बाहेर फेकला जातो, केंद्राचे गुरुत्व हेलकावते आणि कृष्णद्रव्य हळूहळू बाहेर सरकते. दुसरे असे, की कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर थोडेफार आदळत असावेत. पहिले उत्तर साधे आहे आणि त्यासाठी नवा भौतिक नियम लागत नाही, म्हणून ते अधिक पटते. पण ज्या दीर्घिकांत तारेच फार थोडे जन्मले, तिथे एवढे स्फोट कुठून आले, हा प्रश्न त्याला सोडवावा लागतो. संख्येचाही एक प्रश्न होता. प्रतिकृतीत आकाशगंगेभोवती शेकडो लहान गोळे दिसत, आकाशात मात्र मूठभर. नव्या अंधुक दीर्घिका सापडू लागल्यावर आणि सर्वांत लहान गोळ्यांत तारे जन्मतच नाहीत हे लक्षात आल्यावर या प्रश्नाची धार बरीच कमी झाली.

वायू नसलेल्या बटू दीर्घिकांत फिरण्याचा आलेख काढता येत नाही. तिथे एकेका ताऱ्याचा वेग मोजायचा आणि ते वेग एकमेकांपासून किती विखुरलेले आहेत हे पाहायचे. मार्क आरन्सन यांनी १९८३ मध्ये कालेय तारकासमूहातील बटू दीर्घिकेच्या केवळ तीन ताऱ्यांवरून सांगितले की तिचे वस्तुमान तिच्या प्रकाशाच्या मानाने फार जास्त आहे. तीन ताऱ्यांवर एवढा निष्कर्ष धाडसाचाच होता. पुढे शेकडो तारे मोजून झाले आणि तो खरा ठरला. याच काळात आणखी एक गोष्ट निश्चित झाली. कृष्णद्रव्य म्हणजे हलके न्यूट्रिनो असतील ही कल्पना तेव्हा आकर्षक होती. पण स्कॉट ट्रेमेन आणि जेम्स गन यांनी १९७९ मध्ये दाखवलेल्या मर्यादेनुसार असे कण लहान जागेत ठरावीक घनतेपलीकडे दाटीने राहू शकत नाहीत, आणि बटू दीर्घिकांना लागणारी घनता त्याहून जास्त भरते. एका संपूर्ण पर्यायाला इतक्या लहान दीर्घिकांनी बाजूला सारले.

या प्रकारातील दोन दीर्घिका शहापूर-मुरबाडच्या मुलांना बोटाने दाखवता येतील अशा जागी आहेत. मघा नक्षत्राचे नाव शेतकऱ्याच्या घरात पावसाशी जोडलेले असते, कारण ऑगस्टच्या उत्तरार्धात सूर्य त्या भागात असतो. मघेचा तारा रात्री पाहायचा तर फेब्रुवारी ते मे हा काळ योग्य; १९ अंश अक्षांशावर तो मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्याआधी जवळजवळ डोक्यावर येतो. त्याच्या अगदी शेजारी, पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरावर, सिंह-१ ही बटू दीर्घिका आहे. १९५० मध्ये ती सापडली. अंतर सुमारे सव्वाआठ लाख प्रकाशवर्षे. मघेपासून चारेक अंश उत्तरेला सेग्वे-१ आहे, सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षांवर. तिचा एकूण प्रकाश काही शे सूर्यांइतकाच, पण तिच्या मधल्या सुमारे शंभर प्रकाशवर्षांतले वस्तुमान सहा लाख सूर्यांच्या जवळ जाते. तिच्या ताऱ्यांच्या वेगांचे विखुरण सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटर आहे. फक्त दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्व असते तर ते अर्ध्या किलोमीटरपेक्षाही कमी भरले असते. सिंह-१ किंवा सेग्वे-१ नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. दिसते ती जागा. याउलट नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध लहान दीर्घिका, म्हणजे मॅजेलनचे दोन मेघ, इथून पाहता येत नाहीत: मोठा मेघ दक्षिण क्षितिजाला जेमतेम टेकतो आणि लहान मेघ उगवतच नाही.

कृष्णद्रव्याचा कण अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. बटू दीर्घिकांतून या कणांच्या परस्परनाशाने गॅमा किरण येतात का, हे फर्मी उपग्रह २००८ पासून पाहत आहे; खात्रीचा संकेत मिळालेला नाही. भारतात झारखंडमधील जादूगुडा येथे खाणीत ५५५ मीटर खोलीवर प्रयोगशाळा आहे आणि तिथेही हा शोध चालतो. गुरुत्वाकर्षणाचा नियमच मंद त्वरणाला बदलतो, असे मोर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये सुचवले. अनेक दीर्घिकांचे वेग त्या सूत्राने चांगले जुळतात, हे मान्य करायला हवे. दीर्घिकासमूहांत मात्र त्यालाही अदृश्य द्रव्याची मदत घ्यावी लागते.

शहापूर-मुरबाडच्या शाळांत हा विषय शिकवायला लागणारा पाया पाठ्यपुस्तकात आहेच. राज्य मंडळाच्या २०१७ च्या नववीच्या पुस्तकात दुर्बिणींचा पाठ आहे आणि त्यात जीएमआरटीची ओळख आहे; २०१८ च्या दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षण आणि केप्लरचे नियम यांचा. या दोन पाठांना जोडणारा दुवा शिक्षकाने द्यायचा आहे. पावसाळ्यात आकाश बंद असते, तेव्हा गणित आणि प्रयोग, नोव्हेंबरनंतर आकाश. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असल्याने मघेचे निरीक्षण नववीतच झालेले बरे. दोन्ही तालुक्यांत आदिवासी आश्रमशाळा आहेत, आणि आकाशदर्शनासाठी त्यांची एक बाजू फार अनुकूल आहे: मुले रात्री तिथेच असतात. दिवसाच्या शाळेतील मुले संध्याकाळच्या एसटीने गावी जातात. पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला कल्याण-मुंबईचा उजेड चढतो, पण सह्याद्रीकडची पूर्व बाजू अजून बरीच काळी आहे. मुंबईचे आकाशप्रेमी वर्षानुवर्षे याच ठाणे जिल्ह्यातील वांगणीला येत राहिले, तेही अंधारासाठीच.

वेगावरून वजन काढण्याच्या प्रयोगाला लागते बॉलपेनची रिकामी नळी, मजबूत दोरा, जाड खोडरबर आणि हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर. दोरा नळीतून ओवून एका टोकाला खोडरबर, दुसऱ्या टोकाला वॉशर बांधायचे. नळी हातात धरून खोडरबर डोक्यावर असा फिरवायचा की वॉशर ना वर चढतील ना खाली उतरतील. खोडरबर २० ग्रॅमचा, दोरा अर्धा मीटर आणि वॉशर १०० ग्रॅम असतील, तर वीस फेऱ्यांना पावणेतेरा सेकंदांच्या आसपास लागतात. वजन बदलून वेगाच्या वर्गाचा आलेख काढला की सरळ रेषा येते. मग शिक्षकाने काही वॉशर काळ्या कापडात गुंडाळून टांगायचे आणि फेऱ्या मोजून ते किती आहेत हे मुलांकडून काढून घ्यायचे. न पाहिलेल्या वस्तूचे वजन वेगावरून सांगता येते, ही गोष्ट इथे हातात येते. नळीच्या घर्षणामुळे उत्तरे थोडी इकडेतिकडे होतात. ती मुलांनी फळ्यावर सगळी लिहावीत आणि विखुरणही पाहावे. दोऱ्याचा ताण अंतराबरोबर गुरुत्वासारखा घटत नाही, हा फरक मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. त्यानंतर सूर्यमालेचे वेग आणि एनजीसी ३७४१ चे आकडे.

मुलांच्या मनात काही समजुती असतात. कृष्णद्रव्य म्हणजे काळी धूळ, कृष्णविवर किंवा अमावस्येचा अंधार, असे त्यांना वाटते. धूळ मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवते. कृष्णद्रव्य अडवत नाही, त्यामुळे ते काळे नसून पारदर्शक आहे. ते इथे, वर्गातही आहे का, हा प्रश्न हमखास येतो. आहे. सूर्याच्या परिसरात त्याची घनता इतकी कमी आहे की संपूर्ण पृथ्वीच्या आकारमानात ते अर्धा-पाऊण किलोच भरते, आणि म्हणून ग्रहांच्या गतीवर त्याचा परिणाम जाणवत नाही. दीर्घिकेच्या प्रचंड पोकळीत तेच साठत साठत ताऱ्यांवर भारी पडते. या एका आकड्याने बरेच गोंधळ मिटतात.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदची दुर्बीण सर्वांसाठी खुली असते आणि परिसरातील शाळांचे विज्ञान प्रदर्शनही तिथे भरते. मुरबाडहून माळशेजमार्गे सकाळी निघून हे पाहून येणे जमते. त्याच संध्याकाळी आठ वाजता मघा पूर्वेला वर आलेली असते. पदवीच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याहून पुढे जाता येते. जीएमआरटीची निरीक्षणे काही काळानंतर ऑनलाइन संग्रहात खुली होतात, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या रॅड-ॲट-होमसारख्या नागरिक विज्ञान उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी तिच्या नोंदी वाचायला शिकतात. संग्रहातील नोंद उतरवून घेणे, तिच्यातला रेडिओ गोंगाट वगळणे, वायूचा नकाशा बनवणे आणि त्यावरून वेगाचा आलेख काढणे हे काही महिन्यांचे काम आहे. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि सूत्र दहावीचेच असते.